लोह मुरतंय कुठं?

दुसऱ्या तपासणीतही सुनेचं रक्त वाढायचं सोडून उतरलं, तेव्हा घरातला पहिला संशय गोळीवर गेला, दुसरा रक्त तपासणाऱ्यावर आणि तिसरा, अर्थातच, सुनेवर.

"गोळी घेतेस ना गं?" सासूबाईंनी विचारलं.

"घेते, आई."

"रोज?"

"रोज. तुमच्यासमोरच तर घेते."

"माझ्यासमोर घेतेस ते मला दिसतंय गं. पण घेतेस ना?"

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते सुनेला कळेना. तुम्हाआम्हालाही कळलं नसतं. ती बिचारी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती, कारण अलीकडे नुसतं उभं राहिलं तरी तिला धाप लागायची. पाचवा महिना संपत आला होता. ओठ पांढुरके, नखं पांढुरकी, आणि दुपारी भाजी चिरता चिरता तिला अशी झोप यायची की सुरी हातात आणि मान खांद्यावर. डॉक्टरबाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली होती, रक्त तपासून घेतलं होतं आणि सांगितलं होतं की लोह कमी आहे. घाबरण्यासारखं नाही, पुष्कळ जणींना होतं, रोज एक गोळी घ्यायची. पण रक्ताच्या अंकाला चढायचं सोडून उतरायची हौस असेल तर मग मोठ्या दवाखान्यात दाखल होऊन शिरेतून लोह चढवावं लागेल.

शिरेतून म्हणजे सुई. सुई म्हटली की सुनेचे हातपाय गार पडत. रक्त तपासायला द्यायचं असलं तर आदल्या दिवसापासून तिला जेवण जायचं नाही, आणि म्हणून मग रक्त आणखी कमी भरत असावं असा तिचा स्वतःचा अंदाज होता. गोळी तिला आवडत होती असं नाही. गोळीनं पोट जड व्हायचं, तोंडाची चव जायची. तरी सुईपेक्षा गोळी बरी, म्हणून ती देवाचं नाव घेतल्यासारखी वेळेवर घ्यायची. आणि घेऊनही घरात कुणाचा विश्वास बसत नव्हता, हे तिला सुईपेक्षाही जास्त टोचत होतं.

आता हे घर कसलं होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. हे घर चहाचं होतं. खाली दुकान, वर बिऱ्हाड. दुकानात कपातला चहा मिळत नसे, चहाची पत्ती मिळे. निरनिराळ्या मळ्यांतून आलेली पत्ती सासरे एकत्र करत, आणि ती किती कशी एकत्र करायची हे ठरवण्यासाठी रोज सकाळी लांब टेबलावर पांढऱ्या कपांची रांग मांडून, चमच्यानं एकेक घोट 'सुर्रर्र' करून ओढत. तो आवाज वरच्या मजल्यापर्यंत यायचा. घरातल्यांना त्या आवाजानंच जाग यायची.

या घरात पाणी दोनच कामांना वापरलं जायचं, अंघोळीला आणि चहाला. आनंद झाला की चहा, भांडण झालं की चहा, भांडण मिटलं की पुन्हा चहा. कुणी जिन्यावरून पडलं तर आधी चहा आणि मग मलम. आणि गोळी कसलीही असो, डोक्याची, पोटाची, सासूबाईंच्या रक्तदाबाची, ती जायची ती चहाबरोबरच.

"पाण्यानं गोळी नुसती भिजते," सासरे सांगत. "चहानं अंगी लागते."

हे त्यांना कुणी सांगितलं होतं ते कुणी कधी विचारलं नव्हतं.

सुनेवर सासऱ्यांचा फार जीव. त्याचं कारणही चहाच. लग्न होऊन ती घरात आली त्या सकाळी त्यांनी तिच्यापुढे कप ठेवला होता. तिनं घोट घेतला, सगळे आपल्याकडे बघतायत हे पाहिलं आणि म्हणाली, "छान झालाय."

"नुसता छान?"

"फार छान."

"मागून जरा तुरट लागतो का?"

"हो, मागून जरा तुरट लागतो."

"बघा!" सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली. "ओळखलंन! माझ्या मुलाला आजवर कळलं नाही, हिनं एका घोटात ओळखलं. हिला जीभ आहे!"

तेव्हापासून नवीन मिश्रण जमलं की पहिला कप सुनेला. तीन वर्षांत तिनं एकाही चहाला नाव ठेवलं नव्हतं, आणि त्यामुळे तिच्या जिभेबद्दलचा सासऱ्यांचा आदर वाढतच चालला होता.

तर अशा या सासऱ्यांना आणि सासूबाईंना घेऊन सून पहिल्यांदा डॉक्टरबाईंकडे गेली होती. घोळ तिथंच झाला. डॉक्टरबाई गोळीची चिठ्ठी देताना म्हणाल्या, "लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम. दुधाबरोबर मात्र घेऊ नका. आणि शिवाय..."

"दूध नको!" सासरे खुर्चीतून उठलेच. "ऐकलंस सूनबाई? चाळीस वर्षं घसा कोरडा करून मी लोकांना हेच सांगतोय. दूध नको! चांगल्या पानाचा जीव जातो हो दुधात! डॉक्टरबाई, तुमच्यासारखी शहाणी बाई मी पाहिली नाही." आणि मग दुधामुळे चहाचा रंग कसा मरतो, वास कसा दबतो, आणि दूध घालून चहा पिणाऱ्या माणसापेक्षा चहा न पिणारा माणूस परवडला, यावर ते इतका वेळ बोलले की शेवटी नर्सनं पुढच्या पेशंटला आत आणून त्यांच्याच खुर्चीत बसवलं. डॉक्टरबाईंचं 'शिवाय' ओठावरच राहिलं. त्यानंतर डॉक्टरबाईंनी दर वेळी "गोळी दुधाबरोबर घेत नाही ना?" असं विचारलं, आणि दर वेळी तिघांनी एका सुरात "छे! दुधाचा थेंब नाही!" असं सांगितलं. ते अगदी खरं होतं.

घरी आल्यावर सुनेसाठी कोरा चहा सुरू झाला. सासूबाईंनी भीतभीत विचारलं, "अहो, त्या लिंबाचं म्हणत होत्या ना काहीतरी?"

"चहात लिंबू?" सासरे म्हणाले. "मग मीठ-साखरही घाला आणि सरबत म्हणा त्याला."

लिंबाचा विषय संपला.

गोळीच्या आधी एक कप, पोट गरम व्हायला. गोळीबरोबर एक कप, गोळी उतरायला. नंतर अर्धा कप, तोंडाची चव जाते म्हणून. पहिल्या तपासणीनंतर सून आणखी पांढरी दिसायला लागली, तशी सासऱ्यांनी पत्ती वाढवली. ती आणखी पांढरी झाली, त्यांनी मळा बदलला. जो चहा पाण्यात पडताच पाणी लालभडक करतो, तो ठेवणीतला डबा त्यांनी तिच्यासाठी उघडला. कप उजेडात धरून ते म्हणाले, "हा रंग बघ! हा रंग पोटात गेल्यावर रक्त कसं वाढत नाही तेच बघतो मी."

रक्त कसं वाढत नाही ते त्यांना पुढच्या तपासणीत बघायला मिळालं.

सुनेचा नवरा दुकानात पुडे भरायचा. प्रत्येक पुडा तराजूवर दोनदा ठेवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, असा त्याचा स्वभाव. एकदा कपाटाखालून झाडू फिरवताना त्याला एक गोळी सापडली. झालं!

"अगं, ही काय?"

"ती हातातून निसटली हो. मी लगेच दुसरी घेतली."

"दुसरी घेतलीस याला साक्षीदार कोण?"

"अहो, तुमची आई होती ना तिथं."

"मी तेव्हा चहा गाळत होते," सासूबाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू?"

त्या दिवसापासून गोळी घेतली की सुनेला तोंड उघडून दाखवावं लागे. सासूबाई म्हणत, "जीभ वर कर. हं. आता डावा गाल. उजवा." नवरा मोबाइलचा दिवा धरून उभा. शाळकरी मुलीसारखा आ वासून सून मनात म्हणायची, काय हे नशीब! गोळी आत जातेय, सगळे बघतायत, आणि तरी चोर मीच. एक दिवस ती सासूबाईंना म्हणालीसुद्धा, "आई, दाढेत भरायला काय बदाम आहे का तो?" आणि मग स्वतःच रडायला लागली. रडू आलं म्हणून तिला चहा दिला.

मग रक्त दुसऱ्या ठिकाणी तपासलं. तिथं अंक आणखी थोडा खाली आला, म्हणजे तपासणारा निर्दोष सुटला. गोळीची कंपनी बदलली. अंक तिथंच. आता मात्र सासऱ्यांनी प्रकरण स्वतःच्या हातात घेतलं.

त्यांच्या दुकानात एक जाडजूड लोहचुंबक होतं. चहाची पानं यंत्रातून येतात, त्या यंत्रांची झीज होऊन लोखंडाचा बारीक कीस पत्तीत उतरतो. म्हणून माल आला की सासरे ते लोहचुंबक पत्तीतून फिरवत आणि त्याला चिकटलेला काळा कीस झटकून टाकत. चहात लोखंडाचा कणही राहता कामा नये, ही त्यांची शिस्त. तेच लोहचुंबक घेऊन ते वर आले, गोळ्यांची पट्टी फोडली आणि एक गोळी बशीत ठेवून तिच्यावर लोहचुंबक धरलं.

गोळी हलली नाही.

त्यांनी दुसरी ठेवली. ती ढिम्म. बशी उलटसुलट फिरवून पाहिली. मग त्यांनी हलक्या आवाजात सगळ्यांना बोलावलं.

"लोखंड नाहीच हिच्यात."

"काय सांगता!" सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"बनावट आहे. माझ्या चहातलं लोखंड चिकटतं त्याच्या शतांशसुद्धा ही चिकटत नाही."

सुनेला एकदम हलकं वाटलं. म्हणजे दोष गोळीचा! ती इतके दिवस खरं बोलत होती! तिनं नवऱ्याकडे असं बघितलं की त्यानं मोबाइलचा दिवा बंद केला.

सासरे तडक औषधवाल्याकडे गेले. औषधवाला म्हणाला, "आजोबा, औषधातलं लोह लोहचुंबकाला नाही चिकटत."

"लोखंड आहे की नाही?"

"आहे ना."

"मग चिकटत का नाही?"

"ते वेगळ्या रूपात असतं."

"वेषांतर करून?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांनी दुकानातल्या सगळ्या कंपन्यांच्या गोळ्यांवर लोहचुंबक फिरवून पाहिलं. चिकटली ती एक कात्री आणि औषधवाल्याच्या किल्ल्या. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, की हा सगळा धंदाच बनावट आहे आणि याचा जाब डॉक्टरबाईंना विचारायलाच हवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघंही दवाखान्यात. गोळीची वेळ जायला नको म्हणून सासूबाईंनी गोळी, कप आणि मोठा थर्मास पिशवीतून बरोबर घेतला होता. सासऱ्यांच्या खिशात लोहचुंबक होतं आणि ते टेबलाजवळ जाताच डॉक्टरबाईंचा स्टेथोस्कोप त्याला जाऊन चिकटला. तो सोडवण्यात थोडा वेळ गेला.

डॉक्टरबाईंनी लोहचुंबकाची हकिगत शांतपणे ऐकून घेतली, सगळे रिपोर्ट पुढेमागे चाळले आणि त्यांच्याही कपाळाला आठ्या पडल्या. जंत नाहीत, रक्तस्राव नाही, आनुवंशिक काही नाही. त्या सुनेकडे वाकल्या आणि हळूच विचारलं, "शौचाला काळी होते का?"

सून लाजून चूर झाली. तिनं मान हलवली.

"मग गोळी पोटात जातेच आहे. त्यात शंकाच नको."

सुनेचे डोळे भरून आले. "ऐकलंत?" ती तिघांकडे वळून म्हणाली. "ऐकलंत ना? गालात नाही, दाढेत नाही, कपाटाखाली नाही!"

"पोटात जाते हे कबूल," नवरा म्हणाला, "मग रक्तात का दिसत नाही?"

"मधेच कुठंतरी मुरतंय," सासरे म्हणाले. "पण डॉक्टरबाई, लोह मुरतंय कुठं?"

"तेच मला कळत नाहीये," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग डॉक्टरबाईंनी सुस्कारा टाकला आणि मोठ्या दवाखान्याच्या चिठ्ठीसाठी कागद पुढे ओढला.

कागद बघताच सुनेचे हातपाय गार पडले. सासूबाईंनाही ते सहन झालं नाही. त्या म्हणाल्या, "एक मिनिट डॉक्टरबाई. तिला पाठवायचं तर पाठवा, पण आमच्याकडून काही कसूर झाली असं मनात ठेवू नका. तिची गोळीची वेळ झालीच आहे. आम्ही कशी देतो ते एकदा डोळ्यांनी बघा."

नर्सनं पाण्याचा पेला पुढे केला.

"पाणी कशाला?" सासरे म्हणाले.

आणि मग त्या छोट्या खोलीत रोजचा सोहळा सुरू झाला. सासूबाईंनी पिशवीतून कप काढून पुसला. सासऱ्यांनी थर्मासचं झाकण फिरवलं आणि डांबरासारखा दाट, कोरा चहा कपात ओतला. तो उजेडाकडे धरून त्यांनी रंग बघितला. सुनेनं तो सवयीनं संपवला. पुन्हा कप भरला. नवऱ्यानं गोळी तिच्या तळहातावर ठेवली. गोळी, घोट, गोळी खाली. "आ कर," सासूबाई म्हणाल्या. जीभ वर, डावा गाल, उजवा गाल, मोबाइलचा दिवा. "आणि आता हा अर्धा, तोंडाची चव जाते म्हणून," असं म्हणत सासऱ्यांनी तिसऱ्यांदा कप भरला आणि डॉक्टरबाईंकडे मोठ्या अभिमानानं बघितलं.

डॉक्टरबाईंच्या हातातलं पेन तसंच हवेत होतं.

"हे... काय आहे?"

"चहा! दुधाचा थेंब नाही. तुम्ही सांगितलंत तसं."

"रोज?"

"रोज. आणि रक्त उतरलं की आम्ही पत्ती वाढवतो."

"अहो आजोबा!" डॉक्टरबाई अशा ओरडल्या की बाहेरच्या बाकावरच्या दोन बायका उठून उभ्या राहिल्या. "चहातला तुरट अंश लोहाला पोटातच धरून ठेवतो! रक्तात जाऊच देत नाही! तेवढं लोह तसंच्या तसं बाहेर पडतं! दूध नको, शिवाय चहाही नको, हेच तर मी पहिल्या दिवशी सांगत होते!"

सासऱ्यांनी थर्मासकडे बघितलं.

"धरून ठेवतो?" ते म्हणाले. "इतकी पकड आहे माझ्या चहाला?"

क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद चमकला. मग त्यांची नजर सुनेच्या पांढऱ्या ओठांवर गेली आणि तो आनंद विझला. त्यांनी खिशातलं लोहचुंबक काढून टेबलावर ठेवलं. "आयुष्यभर मी चहातलं लोखंड काढत आलो," ते म्हणाले, "आणि माझा चहा माझ्याच सुनेचं लोखंड काढत बसला होता. मूर्ख मी. सूनबाई, चूक माझी गं."

डॉक्टरबाईंनी चिठ्ठीचा कागद बाजूला सारला. अजून एक महिना बघू म्हणाल्या. गोळी लिंबूपाण्याबरोबर, आणि तिच्या आगेमागे दोन तास चहाचं नाव काढायचं नाही.

दोन तास! पण सासरे तेवढ्यावर थांबतील तर ते सासरे कसले? घरी येताच त्यांनी सुनेचा चहा साफ बंद केला. आणि मग म्हणाले, "ती बिचारी तोंड बांधून बसणार आणि आपण तिच्यासमोर भुरके मारणार? मला नाही जमायचं. तिला मिळेपर्यंत या घरात कुणालाच चहा नाही."

सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पण नाही कोण म्हणणार? सुनेचा चहा सुटला, याचं सगळ्यांनाच इतकं वाईट वाटत होतं.

आता एक गोष्ट मी इतका वेळ तुमच्यापासून लपवून ठेवली, कारण ती सुनेनंही तीन वर्षं सगळ्यांपासून लपवली होती. तिला चहा आवडत नव्हता. मुळीच नाही! पहिल्या सकाळी ती आपली रीत म्हणून 'छान' म्हणाली, आणि मग त्या एका 'छान'नं तिला जे पकडलं ते सोडलंच नाही. त्यामुळे घर दुःखात बुडालेलं असताना ही लिंबूपाणी पिऊन खुशाल होती. पोटाचा जडपणा कमी झाला, जिना एका दमात चढता येऊ लागला, गालांवर रंग दिसू लागला.

आणि बाकीच्यांचं? काही विचारू नका. सासरे डोक्याला फडकं बांधून फिरत. सासूबाई भांड्यांशी भांडत. नवरा प्रत्येक पुडा पाचपाचदा तराजूवर ठेवी आणि तरी कमी भरी. सासरे खाली चवसुद्धा घेईनात, नुसत्या वासावर मिश्रण करू लागले, आणि जुनी गिऱ्हाइकं पुडे परत आणून विचारू लागली, "मालक, तब्येत बरी आहे ना?"

सुनेला हे बघवेना. ती सासूबाईंना म्हणाली, "आई, तुम्ही घ्या ना चहा. मला खरंच काही वाटत नाही."

"किती गं गुणाची तू!" सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि डोकं दाबत आत गेल्या.

मग तिनं धीर करून नवऱ्याला सांगितलं, "अहो, मला चहा आवडतच नाही."

नवरा हसला. "माझ्यासमोर तरी नाटक करू नकोस. तुझं मन मला कळत नाही का?"

सून गोंधळून गेली. गोळी घेते हे खरं सांगत होती, तेव्हा कुणाला पटलं नाही. चहा आवडत नाही हे खरं सांगितलं, तेही पटत नाही. या घरात तिचं पटलं होतं ते एकच, 'छान झालाय', आणि तेवढंच खोटं होतं.

महिन्यानं चौघं पुन्हा दवाखान्यात. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघितला आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा! चांगलं वाढलंय. दाखल व्हायची काही गरज नाही. असंच चालू ठेवा."

सुनेनं डोळे मिटून घेतले. सुई टळली! तिला वाटलं, डॉक्टरबाईंना मिठीच मारावी.

"आणि..." सासरे खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "आणि चहा?"

"घेऊ दे की एखादा कप. गोळीच्या आगेमागे दोन तास सोडून. आज गोळी झाली का?"

"नाही अजून," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत सासऱ्यांनी पिशवीतून थर्मास बाहेर काढला होता. खोलीभर वास पसरला. त्यांनी कप भरला, उजेडाकडे धरला आणि सुनेपुढे केला.

"घे. पहिला घोट तुझा. मग आम्ही."

सुनेनं कपाकडे बघितलं. मग समोरच्या तीन चेहऱ्यांकडे. सासूबाईंचे ओठ कोरडे पडले होते. नवऱ्यानं आवंढा गिळला. एक घोट घ्यायचा आणि छान म्हणायचं, की सगळं पहिल्यासारखं. अगदी पहिल्यासारखं, उद्या, परवा, जन्मभर.

तिनं पर्समधून पट्टी काढली, गोळी तोंडात टाकली, नर्सच्या टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला आणि गटागटा पिऊन टाकला.

"आता दोन तास चहा चालत नाही ना, डॉक्टरबाई?"

"नाही चालत," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मग तुम्हीच घ्या, बाबा."

सासऱ्यांचं आयुष्य लोकांचे चेहरे बघण्यात गेलं होतं. घोट घेतल्यावर माणसाची भुवई कुठं जाते, ओठ कसे मिटतात, यावरून गिऱ्हाईक परत येणार की नाही हे ते सांगत. सुनेचा चेहरा ते आज पहिल्यांदाच तसा नीट बघत होते.

"सूनबाई," ते सावकाश म्हणाले, "त्या गोळीची चव कशी आहे गं?"

"गंजलेल्या खिळ्यासारखी, बाबा."

"आणि माझ्या चहाची?"

मागून नवरा 'छान म्हण, छान म्हण' अशा खुणा करत होता. सुनेनं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि मग सासऱ्यांकडे.

"बाबा," ती म्हणाली, "गोळी बरी."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. डॉक्टरबाई उगाचच रिपोर्ट वाचू लागल्या.

"तीन वर्षं?" सासऱ्यांनी विचारलं.

"तीन वर्षं."

"आणि ते मागून जरा तुरट?"

"ते तुम्हीच म्हणाला होतात."

सासऱ्यांनी हातातल्या कपाकडे बघितलं. मग त्यांनी तो तोंडाला लावला आणि महिन्याभराची तहान एका दमात भागवली. डोळे मिटले. उघडले.

"डॉक्टरबाई," ते म्हणाले, "रिपोर्ट बरोबर आहे तुमचा. पोरीच्या अंगात आता खरंच रक्त आलंय."

आणि त्यांनी दुसरा कप भरला, पण या वेळी तो सासूबाईंच्या हातात दिला.